सहा, नऊ, सहा, नऊ

१

मलमाची ट्यूब रिकामी होती.

चेतनाने ती पुन्हा एकदा दाबली. झाकण काढून आत डोकावून पाहिलं, जणू आत कुणी लपून बसलं असावं. थेंबभरही नाही. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, पाच दिवस, मुगाच्या दाण्याएवढं, नंतर हात लावायचा नाही. मुलीची कातडी पातळ होईल. दिवाळीआधी पाच दिवस लावून तिने ट्यूब बाथरूमच्या फळीवर, साबणाच्या खोक्यामागे ठेवून दिली होती. तेव्हा ती अर्ध्याहून जास्त भरलेली होती. आता डिसेंबर चालू होता, आणि शेपटाकडून घट्ट गुंडाळत आणलेली, केसांचा काळा आकडा लावून पक्की केलेली ती ट्यूब तिच्या हातात होती.

"झालं!" नवनीत दाराशी उभा राहून म्हणाला. "गजराबाई. दुसरं कोण येतं बाथरूममध्ये? गोरं व्हायला लावतात बायका हे मलम, मी स्वतः ऐकलंय."

"बघितल्याशिवाय कुणाचं नाव कशाला घेता?"

"बघायचं काय राहिलंय? दिवाळीत आई महिनाभर राहिली. तिने गजराबाईचं तेल बंद केलं. त्या महिन्यात पोरीला एक फोड आला का? सांग, तुझ्या वहीत आहे का?"

वहीत नव्हता. तीच तर पंचाईत होती.

चार वर्षांच्या यामिनीच्या तळहातांवर आणि बोटांच्या कडांना पाण्याचे बारीक फोड उठत. दोन दिवस खाज, मग ते फुटत, मग सालं निघत. मुलगी पेन्सिल धरायची नाही. बालवाडीच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं होतं, "बरी झाली की पाठवा हं, बाकीच्या आया विचारतात." शहाद्यातले दोन डॉक्टर झाले, धुळ्याचा एक झाला. पहिल्याने खरूज सांगितली, दुसऱ्याने थंडी, तिसऱ्याने ॲलर्जी. कशामुळे, ते विचारल्यावर तिघांचंही उत्तर एकच होतं: जपा. चेतनाने साबण बदलला, धुण्याची पावडर बदलली, उशीचे अभ्रे उकळले, केमिस्टने दिलेलं जस्ताचं सिरप बाटलीभर पाजलं. आणि वही ठेवली. लोणखेड्याच्या कॉलेजात ती तासिकेवर रसायनशास्त्र शिकवायची; नोंदी ठेवणं अंगवळणी पडलेलं. पण वहीतून काही म्हणजे काही निघत नव्हतं.

"उद्या आई येतेय," नवनीत शर्टाची बटणं लावत म्हणाला. "यामूला गावी, कळसाडीला घेऊन जाईल. आईपाशी बरी राहते. तुला यायचं असेल तर कॉलेज सोड, नाहीतर रविवारच्या रविवारी भेटत जा."

म्हणजे लेक तरी हातची जाणार, नाहीतर नोकरी. चेतनाने घड्याळ पाहिलं. शनिवार, सकाळचे आठ. तिच्याकडे एक दिवस होता.

२

गजराबाई मूळची अक्कलकुव्याकडच्या डोंगरातली. घरी भिली बोलायची आणि इथे बाजारात शिकलेली अहिराणी. भांडी घासून ती यामिनीला तेल लावून आंघोळ घालायची. ट्यूब पाहून तिने हात पदराला पुसले आणि कमरेवर ठेवले.

"ताई, मी नही घेतं. मना घरमा आरसा बी नही. गोरी व्हईसन देखाडू कोनले?"

एरवी चेतना हसली असती. "मग तुझ्या तेलात काय असतं, ते तरी सांग."

"खोबरेल. आनि दोन पाला, मनी माय लावे ते." गजराबाईचा आवाज चढला. "मी अंगभर तेल लावस. पाठ देखा, मांड्या देखा, कशी लोनी शे. फोड बोटेसवर आनि पोटवर. तेल काय वाट चुकनं का?"

"पोटावर कुठे?"

"तुम्ही माय शेतस ना? देखं नही का?" तिने यामिनीचा फ्रॉक वर केला. बेंबीच्या खाली, जरा उजवीकडे, रुपयापेक्षा लहान असा एक काळपट गोल डाग होता. आजचा नव्हे, जुना, खरखरीत.

"मनावर चोरी टाकी ना? आते दुसरी देखी ल्या." गजराबाईने चपला अडकवल्या आणि जिना उतरून गेली. भांडी तशीच राहिली.

चेतनाला तिला थांबवायचं सुचलंच नाही. ती त्या डागाकडे बघत बसली होती. अंगावर उठलेलं काही इतकं वाटोळं नसतं. कपड्यांची पेटी उघडून तिने यामिनीची निळी जीन्स काढली, गेल्या थंडीत रोज घालायची ती, आणि लेकीच्या पोटावर धरली.

पितळी रंगाचं बटण नेमकं त्या डागावर बसलं.

३

दुपारी ती यामिनीला सोडायला खाली गेली. खाली घरमालक राहत: जेठमलजी आणि अनोखीबाई. जेठमलजींचं बाजारात कटलरीचं दुकान. बांगड्या, टिकल्या, खोटे दागिने. मुलं सुरतेला. बालवाडी सुटली की यामिनी पाचपर्यंत अनोखीबाईंकडेच असायची, रविवारीसुद्धा दुपारी तिथेच जेवायची. चेतनाच्या सगळ्या नोकरीचा डोलारा या म्हातारीच्या मायेवर उभा होता, म्हणून तिला प्रश्न विचारताना जीभ अडखळत होती.

"दादीसा, रागावू नका. यामूने इकडे काही वेगळं खाल्लं का? या सोमवारी फोड आले, त्याच्या आदल्या दिवशी?"

"वेगळं?" अनोखीबाई पाट मांडता मांडता थांबल्या. "बेटा, हे तू चौथ्यांदा विचारते. घरात शिजते तेच खाते छोरी. पन्नास वर्षं जे शिजते तेच. मी तिला वेगळं कशाला देणार?"

"बाहेरचं काही?"

"राम राम! बाहेरचं पाणी नाही घेत आम्ही."

गल्लीतून भाजीवालीची हाळी आली. "मेथीऽ, दुधीऽ!" अनोखीबाईंनी खिडकीतून हात हलवून तिला पुढे काढलं आणि यामिनीचं ताट वाढलं: मोठ म्हणजे मटकी, बेसनाच्या गट्ट्यांची भाजी, भाजलेला पापड, फुलका. कडेला पाच-सहा काजू. यामिनीने आधी काजू उचलले.

"या महिन्यात कान बरे आहेत ना तिचे?" अनोखीबाईंनी विचारलं. "मला अजून वाईट वाटते. इतक्या हौसेने दिले होते डूल."

जूनमध्ये वाढदिवसाला त्यांनी दुकानातले मोराचे डूल दिले होते. चार दिवसांत दोन्ही पाळ्या चिघळल्या. सासूबाईंनी ते काढून कडुनिंबाची काडी घातली, मग सोन्याच्या तारा. कान बरे झाले आणि गोष्ट सगळे विसरून गेले.

चेतना मात्र आत्ता विसरायला तयार नव्हती. "ते डूल आहेत का हो तुमच्याकडे?"

"आहेत ना. तू परत दिले, मी ठेवले."

डूल पर्समध्ये टाकताना तिची नजर स्वयंपाकघरातल्या भिंतीवर गेली. तिथे मंदिराचं पंचांग टांगलेलं होतं, काही घरांवर लाल पेनाने गोल केलेलं. म्हातारीचे उपास असतील. ती उठली, प्रॅक्टिकलला उशीर होत होता.

४

"मॅडम, विद्यार्थी गेले घरी, आता कुणाची परीक्षा?" प्रयोगशाळेतले हिलालभाऊ कपाट उघडत म्हणाले. तीस वर्षं बाटल्या पुसून त्यांना सगळ्या रसायनांचे स्वभाव पाठ होते.

"एका बटणाची. निकेल ओळखायचं ते द्या."

"ग्लायॉक्झिम. आनि अमोनिया तुम्हीच उघडा, माझं नाक आधीच गेलंय."

चेतनाने कापसाच्या बोळ्यावर दोन्ही थेंब टाकले आणि बोळा डुलाच्या मोरावर घासला. क्षणभर काही नाही. मग कापूस गुलाबी झाला, भडक, लग्नातल्या फेट्यासारखा. दुसरा बोळा बटणावर. तोही गुलाबी.

"पास," हिलालभाऊ म्हणाले.

कान, पोट, दोन्हींचा गुन्हेगार एक: निकेल. पण बटण गेल्या थंडीतलं, डूल जूनमधले. हातांवर आज जे उठतं त्याचं काय? कानातल्या सोन्याच्या तारा सोडल्या तर यामिनी आता धातूचं काही घालत नव्हती. स्टीलचा चमचासुद्धा नाही. ती हातानेच जेवायची.

जेवायची.

चेतना स्टुलावर बसली. निकेल मातीत असतं. मातीतून झाडात, झाडातून दाण्यात. ज्याची कातडी एकदा त्याला चिडली, त्याच्या पोटातून ते फार गेलं तरी हातांवर फोड येऊ शकतात, हे तिने कधीतरी वाचलं होतं. कुठल्या पिकात जास्त असतं, तेही वाचलं होतं: कडधान्यं, हरभरा, शेंगदाणे, काजू, चॉकलेट. पण वरण तर रोजच होतं. रोज खाल्लेल्या गोष्टीने कधीतरीच फोड का यावेत?

तिने वही काढली. वारांची जुळणी आधीच करून झाली होती. सोमवार, रविवार, मंगळवार, काही ताळमेळ नाही. या वेळी तिने वार सोडले आणि दोन नोंदींमधले दिवस मोजले. नऊ. सहा. नऊ. सहा. एके ठिकाणी आठ. मग दिवाळीच्या सुमाराचं मोठं भगदाड, तीस दिवसांचं, जेव्हा सासूबाई होत्या. त्यानंतर पुन्हा सहा, नऊ. आणि सप्टेंबरमधला तो भयंकर आठवडा, हातमोजे बांधून झोपवावं लागलं होतं तो, त्याला तर मोजमापच नव्हतं.

सहा, नऊ, सहा, नऊ. कुठलं दुखणं असं पावलं मोजत येतं?

"हिलालभाऊ, सहा दिवसांनी आणि मग नऊ दिवसांनी काय येतं हो?"

"आमच्याकडे नळाला पाणी," हिलालभाऊ म्हणाले. "बाकी काही असं नेमाने येत नाही."

शेवटचं अंतर नऊचं होतं. म्हणजे पुढचं सहाचं. सोमवारपासून सहा दिवस.

चेतनाने वही मिटली. उद्या.

५

रविवारी सकाळी यामिनी पलंगावर बसून दोन्ही तळहात एकमेकांवर घासत होती. "आई, मुंग्या आल्या." बोटांच्या कडांना साबुदाण्यासारखे दाणे वर आले होते.

हिशोब बरोबर आला होता, आणि त्याचा आनंद कसा मानायचा ते चेतनाला कळेना. बरोबर हिशोब हातात घेऊन ती लेकीच्या हातांवर ओली फडकी ठेवत बसली.  नवनीतने यामिनीची पिशवी भरायला घेतली. ते त्याच्या बोलण्यापेक्षा वाईट होतं.

दहाला सासूबाई, दगूबाई, आल्या, मेथीच्या जुड्या आणि वांग्यांची पिशवी घेऊन.

"काय व्हयनं वं चेतना? तोंड काबर उतरेल शे?"

चेतनाचं लक्ष त्यांच्या अंबाड्याकडे होतं. अंबाड्यात काळे आकडे होते, ओळीने. ती स्वतः क्लचर लावायची, गजराबाई रिबीन. आणि या घरात टूथपेस्टची ट्यूब शेपटाकडून घट्ट गुंडाळून तिला आकडा लावणारं माणूस एकच होतं. गेल्या महिन्यात चेतना त्यावरून मनात हसलीही होती.

तिने रिकामी ट्यूब पुढे ठेवली. "आई, हा आकडा तुमचा ना?"

 नवनीतच्या हातातला फ्रॉक तसाच राहिला.

"मन्हाच शे," दगूबाई हळूच म्हणाल्या. "पोर मन्हाजोडे निजे. हात खाजाडी खाजाडी रडे. माले नही देखाय ते. लावं मी. तुले सांगती ते तू लावू देती का? पाच दिवस, पाच दिवस, करत बसती."

"किती वेळा आई?"

"तीनदाव उठनं व्हतं. लावं, बसी गयं."

तीनदा. चेतनाने वही उघडली. तीस दिवसांच्या भगदाडात तीन वेळचे फोड घाला: सहा, नऊ, सहा, नऊ. भगदाड भरलं. कळसाडीच्या आजीपाशी मुलगी बरी राहत नव्हती. आजीने न सांगता मलम लावलं होतं. आणि गजराबाईचं तेल त्या महिन्यात बंद असूनही फोड तीनदा आले होते.

"म्हणजे तेलाचा काही संबंध नाही," ती नवनीतकडे पाहून म्हणाली. "आणि चोरीचाही नाही."

नवनीतने हातातला फ्रॉक पिशवीत न भरता पलंगावर ठेवला. कानापर्यंत लाल झाला होता.

"आई, आठवून सांगा. त्या तीन वेळा, आदल्या दिवशी काय झालं होतं? काहीही."

"काय व्हई? दुपारले मी निजू, पोर खाले जाये." दगूबाई वांग्यांच्या पिशवीकडे पाहून एकदम थबकल्या. "एकदाव वांगा लई गयी मी खाले. म्हनं ल्या माय, भरीत करा. ती म्हने, आज नही, आज चौदस शे, आम्ही हिरवं चिरतस नही. मन्हा मनमा उनं, कशी बाई शे, वांगं परत धाडस! त्याच रातले पोर उठनी, म्हनीसन ध्यानमा शे."

चेतना वही हातात घेऊन जिना उतरत सुटली.

६

पंचांगावरच्या लाल गोलांखाली वहीतली एकेक तारीख ती ताडून बघत गेली. गोल एका दिवशी, फोड दुसऱ्या दिवशी. गोल, फोड. शुद्ध आठम म्हणजे अष्टमी, शुद्ध चौदस म्हणजे चतुर्दशी, अंतर सहा तिथींचं. चौदसेपासून वद्य आठम, नऊ. मग सहा, मग नऊ. मध्ये एखादी तिथी गळाली की आठ. इंग्रजी कॅलेंडरवर तिला इतके महिने जे सापडलं नव्हतं, ते या भिंतीवर टांगलेलं होतं. तिने ते म्हातारीचे उपास समजून सोडून दिलं होतं.

"काल चौदस होती," ती म्हणाली.

"हो," अनोखीबाई गोंधळून म्हणाल्या. मागोमाग सगळे खाली आले होते. जेठमलजी चष्मा पुसत उभे होते. "आठम-चौदसला आम्ही जैन हरी, हिरवी भाजी, नाही खात. भाजी चिरायची नाही. मग मोठ, चणे, बेसन, पापड. पण ते तर नेहमीचंच, बेटा."

तिथेच सगळं अडलं होतं. चेतना चार वेळा विचारत होती, वेगळं काय खाल्लं, आणि अनोखीबाई चारही वेळा खरं सांगत होत्या. पन्नास वर्षं पाळलेली आठम त्यांच्या लेखी वेगळी नव्हतीच.

चेतनाने डूल, बटण आणि दोन गुलाबी बोळे ओट्यावर ठेवले आणि शिकवावं तसं सांगितलं. बटणाने आणि डुलांनी यामिनीची कातडी निकेलला चिडली. वाटीभर वरण तिला झेपतं, पण आठम-चौदसला ताटात मोठ, बेसन आणि वर काजू, भाजीचा टेकू नाही, असं ओझं एकदम पडलं की दुसऱ्या दिवशी ते हातांवर येतं. "आणि सप्टेंबरात..."

"पर्युषण," अनोखीबाईंनीच वाक्य पुरं केलं. त्या पाटावर बसल्या. "आठ दिवस हरी बंद. मी रोज तिला आग्रह करून वाढत होते. छोरी सुकली म्हणून काजू जास्त." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी हाताने विष घातलं."

"दादीसा, नाही. विष नव्हतं ते, आणि तुम्ही एकट्याही नाही." हे सांगायचं नाही असं चेतनाने जिन्यात ठरवलं होतं. पण गजराबाईवर संशय घेतला होता, यांची उलटतपासणी केली होती, सासूबाईंचा आकडा सगळ्यांसमोर ठेवला होता. "यामूचं रक्त कमी भरलं होतं, डॉक्टरांनी लोहाचं टॉनिक दिलं होतं. दात काळे पडतात, फोटोत वाईट दिसतात म्हणून मी ऑगस्टमध्ये बंद केलं. शरीरात लोह कमी असलं की आतडं त्याच्या जागी निकेल जास्त ओढून घेतं. मला माहीत असायला हवं होतं. मी हेच शिकवते."

 दगूबाईंनी पुढे होऊन अनोखीबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "उठा माय. आपन सगळासनी मिळीसन करं."

यामिनीची पिशवी वर पलंगावर अर्धी भरलेली होती. नवनीत ती रिकामी करायला गेला. पण त्याआधी चेतनाने त्याला गजराबाईच्या वस्तीचा रस्ता दाखवला. चोरीचं नाव त्याने घेतलं होतं, माफीही त्यानेच मागायची.

७

धुळ्याच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पाठीवर पट्ट्या लावून तपासणी करायची तारीख दिली, पुढच्या महिन्याची. "तोपर्यंत जपा," ते म्हणाले. चेतनाने दात आवळून धन्यवाद दिले.

पुढच्या सोमवारी आठम होती, आणि दुपारी तिचे तास. वर गजराबाईने दुधी-भात शिजवला. ती परत आली होती, पण नवनीतशी बोलत नव्हती आणि भांडी मुद्दाम आपटत होती. ताट घेऊन ती जिना उतरली आणि मध्येच थांबली. आठमीच्या दिवशी दुधी अनोखीबाईंच्या घरात कसा न्यायचा? आणि यामिनी वर जेवायला तयार नव्हती. तिला दादीसाच हवी होती.

चेतना पाचला परतली तेव्हा गजराबाईने तिला हसत सांगितलं. अनोखीबाई उठून बाहेर आल्या, जिन्याच्या सातव्या पायरीवर बसल्या, ना खाली ना वर, आणि तिथे त्यांनी यामिनीला दुधी-भाताचे घास भरवले. स्वतः खाली जाऊन मोठ खाल्ले.

मंगळवारी सकाळी चेतनाने लेकीचे हात उजेडात धरले. बोटं एकेक करून फिरवली, कडा पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. मागची सालं होती. नवा दाणा एकही नव्हता. तिने वही उघडली, तारीख घातली, आणि पुढे काय लिहावं ते तिला सुचेना. या वहीत न झालेल्या गोष्टीसाठी रकानाच नव्हता.

"आई, झालं बघून?" यामिनी वैतागून म्हणाली, आणि टॉनिकचा चमचा चाटून तोंडभर हसली. पुढचे सगळे दात काळे झाले होते.

चेतनाने मोबाइल उचलला आणि फोटो काढला.